दुपट्ट्याखालचा आकडा

अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत मिळून ज्याच्यासमोर कोणीही दात दाखवून हसलं नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच बायकोचा मामा निघाला. मामा बार्शीटाकळीला राहत आणि बैलांच्या बाजारात दलाली करत. बैलाचं वय दातांवरून ओळखतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, एवढं कोणताही शेतकरी सांगेल. मामा त्याच्या पुढचं सांगत. बैलाच्या खालच्या ओठात अंगठा घालायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चार पोळे ओढन." चार म्हणजे चार. पाचव्या पोळ्याला त्या बैलाच्या शिंगाला बेगड लागलेली कोणी पाहिली नाही. ते ओळीतून चालू लागले की बैल रवंथ थांबवत. हे मी ऐकलेलं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. वैशाखातली भर दुपार, मैदान जनावरांनी गच्च भरलेलं, आणि मामा चालताहेत तेवढ्या पट्ट्यात एकाही गळ्यातली घंटा वाजत नाही. ते पुढं गेले की मागचे जबडे पुन्हा हलू लागत.

माणसांच्या तोंडाकडं ते मुद्दाम पाहत नसत, पण नजरेला लागलेलं वळण सुटत नाही. बायकोचा एक चुलतभाऊ पातूरला मास्तर होता, फार हसरा. एका बारशाच्या पंगतीत तो स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला. मामांनी जेवण थांबवून त्याच्याकडं पाहिलं आणि आपल्या पानातली जिलेबी उचलून त्याच्या पानात ठेवली. "खाय बाप्पू," एवढंच म्हणाले. मास्तर पोळ्याच्या आधी गेला. तेव्हापासून मामांनी प्रेमानं काही वाढलं की आमच्या नात्यातल्या भल्याभल्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. माझ्या एका साडूंनी तर त्यांनी वाढलेला लाडू खिशात घालून नेला आणि नदीत सोडला. लग्नाकार्यात मामा मांडवात शिरले की बायका पदर तोंडावर घेत, पुरुष मिशीवर हात ठेवत. आमच्या घरचे लग्नाचे अल्बम पाहणाऱ्याला वाटावं की एवढ्या लोकांना कोणीतरी धमकावून फोटोला उभं केलं आहे. नवरा, नवरी, वऱ्हाडी, सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले, आणि मागच्या ओळीत पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकून मामा शांत उभे.

त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र ऐंशीच्या घरात बत्तीसच्या बत्तीस दात होते, पांढरे आणि एका ओळीत. ते पाहून बरं वाटण्याऐवजी अंगावर काटा येई. वाटीत कोरडी ज्वारी घेऊन ते दिवसभर दातांनी फोडत बसत. त्यांच्या घरी गेलं की आधी तो आवाज यायचा, कोणीतरी खडीवरून सावकाश चालत येतंय असा. घरात आरसा नव्हता. दाढी ते अंगणातल्या निंबाखाली बसून नुसत्या हातानं चाचपून करत. मामी होत्या तोवर त्याही भांग पाडायला शेजारी जात. आणि गोठा. कपाशीनं दगा दिला, विहिरी आटल्या, लोकांनी आधी बैल विकायला काढले आणि मग बाजारात बैलच उरले नाहीत, त्या वर्षांत मामांनीही आपली शेवटची जोडी देऊन टाकली. पण गव्हाणीत रोज ताजा कडबा पडत होता. मोकळ्या खुंट्यांना दावी बांधलेली असत आणि सकाळी कडबा कमी झालेला असे. गावातली मोकाट गाय येऊन खात असणार, दुसरं काय. मी तसं एकदा म्हणालोही. मामा म्हणाले, "असन." त्यांच्या तोंडून 'असन' ऐकण्यापेक्षा 'नाई' ऐकलेलं बरं.

आता माझं दुखणं सांगतो. मी त्यांच्यावर तीस वर्षं दात ठेवून होतो, आणि त्याला कारण होतं. माझं लग्न ठरायच्या दिवशी हिवरखेडला सासऱ्यांच्या ओसरीवर चाळीसेक माणसं बसली होती. मी तेव्हा सायकलवर फिरून जुन्या मोटारपंपांचे भंगार भाग विकत होतो. बापाची इस्टेट नाही, पाठीशी कोणी नाही, जे होतं ते जिभेवर. मुलाबद्दल काय वाटतं असं सासऱ्यांनी मामांना विचारलं. मामा उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आ करा." मला वाटलं गंमत आहे, मी केला. त्यांनी अंगठा आत घातला. चाळीस माणसांसमोर त्यांनी माझे दात खालून वर, डावीकडून उजवीकडं पाहिले, अंगठा माझ्याच नव्या शर्टाला पुसला आणि सासऱ्यांशेजारी जाऊन बसले. मग दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. बैलाचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा, पंजा म्हणजे पाच, पुन्हा धरला की आणखी पाच. बाहेरच्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. कापड हललं. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं. हात कापडाखालून काढून घेत ते म्हणाले, "फोडा सुपारी."

तो आकडा काय होता हे मला कोणी सांगितलं नाही. सासरे सांगायच्या आधी वारले. मित्रांनी पुढची दोन वर्षं मला 'चारदाती' म्हणून हाक मारली, आणि त्यातल्या एकाच्या कानाखाली मी भर चौकात आवाज काढला. मी रागीट आहे हे मी नाकारत नाही. पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट काढून भाव पाडला, त्याच्याच तोंडात हात घालून कोणी भाव ठरवतो, आणि तो भावही त्याला सांगत नाही, हे विसरण्यासारखं आहे का?

वचपा काढायची संधी एकदाच आली. तोवर अकोल्याला माझं दुकान झालं होतं. विहिरी आटत होत्या तसतसे जुने पंप विकायला येत होते, आणि माझं बरं चाललं होतं. हे लिहायला छान वाटत नाही, पण खोटं लिहून काय करू. मामा एक पंप घ्यायला आले. मी दुप्पट भाव सांगितला आणि भांडणाची वाट पाहत बसलो. मामांनी भावच केला नाही. सांगितले तेवढे पैसे ठेवले, पंपावरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि विचारलं, "याचा धनी गेला न?" तो पंप मी एका बाईकडून घेतला होता. मी म्हणालो तो भाव तिनं मान खाली घालून कबूल केला होता, आणि त्या एका सौद्यात जिंकल्याचा आनंद मला झाला नव्हता. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. मामा म्हणाले, "तुमचं न माहं सारकंच हाये, जवाई. लोकायच्या घरची आखरीची वस्तू आपल्या हातून जाते." पंप भाड्याच्या बैलगाडीत घालून ते गेले. त्यांच्या विहिरीला पाणी नव्हतं. पंप त्यांनी कधी बसवलाच नाही, पोत्यानं झाकून गोठ्यात ठेवला.

आणि मग माझे वरचे पुढचे दोन दात गेले. एक खर्र्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून चघळण्यानं गेला, दुसरा एका गिऱ्हाइकाशी बोलताना रागानं आवळून. दात गेले म्हणजे खायची अडचण होते असं लोकांना वाटतं. माझी अडचण वेगळी होती. सौद्यात मी कपाळाला आठ्या घालून 'परवडत नाही' म्हणालो की समोरचा माझ्या तोंडातल्या खिडकीकडं पाहायचा आणि त्याला हसू यायचं. हसलेला माणूस भाव उतरवत नाही. अकोल्यातल्या दोन दातवाल्यांशी भांडून झाल्यावर मी अमरावती गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली बुद्धाची लहान मूर्ती, आणि बोलणं असं सरळ की भाव करायला फट सापडू नये. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. काढघालीची कवळी. किंवा शेजारचे चांगले दात घासून त्यांच्या आधारानं बसवायचा पूल. किंवा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवायचा, हाडानं तो धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर दात चढवायचा.

"तिसरा पक्का?" मी विचारलं.

"सगळ्यांना चालत नाही. हिरड्या निरोगी पाहिजेत, साखर ताब्यात पाहिजे, हाड पुरेसं पाहिजे. आणि खर्रा बंद. कमी नाही, बंद. रात्री झोपेत दात खाता का?"

"दिवसा खातो."

त्या हसल्या नाहीत, कागदावर लिहून घेतलं. मग तोंडाचा स्कॅन झाला. पडद्यावर माझी कवटी आली. बाई पेन्सिलीनं दाखवत होत्या, "इथं वरचं हाड पातळ आहे, थोडी भर घालावी लागेल. खालचं उत्तम आहे." माझं लक्ष त्या कवटीच्या जबड्याकडं होतं. चाळीस माणसांसमोर मामांनी जे पाहिलं असेल, ते मी आज पहिल्यांदा पाहत होतो.

"गॅरंटी किती वर्षांची?" मी विचारलं.

"नीट जपलात तर शेवटपर्यंत टिकतील."

"शेवटपर्यंत म्हणजे किती?"

"स्क्रूचं मी सांगू शकते," त्या म्हणाल्या, "तुमचं कसं सांगू?"

घरी येऊन मी आठ दिवस तगमगत होतो. वीस वर्षं उरली असतील तर इम्प्लांट स्वस्त. दोन उरली असतील तर कवळीही महाग. कोणताही माल घेताना आधी विचारायची गोष्ट हीच, की अजून किती चालणार. आणि ते सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता. त्यानं तो आकडा तीस वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता. बायकोला सांगितलं तर तिनं भाजी ढवळायची थांबवली. "दात लावा नाईतर नोका लावू," ती म्हणाली, "पन माह्या मामाले तसलं इचारू नोका. त्याईनं सांगतलं त मंग मी काय करू?" माझ्या आकड्यात तिचाही आकडा आहे हे मी धरलंच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो.

चैत्राची दुपार होती. बार्शीटाकळीत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामांच्या दारात गेलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ज्वारीचा आवाज नव्हता. मामा निंबाखाली बाजेवर बसले होते, शेजारी वाटी भरलेली, दाणे जसेच्या तसे. गोठ्यात दावी बांधलेली, गव्हाणीत कडबा, आणि वारं पडलेलं असताना त्यातलं एक धाट हलत होतं. मी तिकडं पाठ करून बसलो.

"मामा, दात बसवतो म्हणतो. हाडात."

"आ करा."

यावेळी पाहायला कोणी नव्हतं, म्हणून मी केला. तोच अंगठा. डोळे मिटून त्यांनी वरची हिरडी दाबली. "वरचं हाड पातळ हाये. खालचं चांगलं." मी स्कॅनचा कागद खिशातून काढलासुद्धा नव्हता.

"बसवू का मग?"

"ते तुमच्या डाक्टरनीले इचारा. खर्रा सोडा मने, त सोडा. तुमी दातासाठी नाई आले, जवाई. आकडा मांगाले आले."

"तीस वर्षं झाली. माझा माल आहे, भाव मला कळायला नको?"

मामांनी एकदा गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "सांगतो. पन पयले माह्या तोंडात पाहा. साऱ्यायचं पायलं म्या. माहं कोनी पायलं नाई. घरात आरसा बी ठिवला नाई, चुकून नजर जाईन मून." आणि त्यांनी आ केला.

मी तोंडात अंगठा घातला. बाहेरून ते दात नेहमीसारखे पांढरे, ओळीनं उभे. पण अंगठा लागताच पहिला हलला. दुसरा हलला. तिसरा, चौथा, सगळेच, पावसानं भिजलेल्या जमिनीतले खुंटे हलावेत तसे. एकेक करून मी शेवटपर्यंत गेलो. एकही धरून उभा नव्हता. मला त्यातलं काही कळत नाही, मी पंपांचा माणूस. पण अंगठा बाहेर काढला तेव्हा एक आकडा माझ्या मनात होता. तो कुठून आला ते सांगता येणार नाही. तो फार लहान होता.

मामांनी दुपट्टा खांद्यावरून काढला आणि आमच्या हातांवर टाकला. "दाबा," ते म्हणाले.

आयुष्यात मी कधी कोणाला मागितल्यापेक्षा जास्त दिलं नव्हतं. मी त्यांचा पंजा धरला. सोडला, पुन्हा धरला. मग आणखी एकदा. त्यांचा हात कोरडा होता, हलका होता. मामा कापडाकडं पाहत होते. मग ते हसले, तीस वर्षांत मी पाहिलेलं पहिलं हसू, आणि ते सगळे सैल दात निंबाच्या पानांतून आलेल्या उन्हात चमकले.

"जास्त देल्लं. तुमी कवापासून जास्त देऊन राहिले, जवाई?"

"मला दिसलं ते दाबलं."

"मलेच शिकवता?" त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला. "तुमच्या सासऱ्याच्या हातात म्या बी जास्तच देल्लं होतं त्या दिशी. पोरीचा जीव बसला होता तुमच्यावर. दाराआडून पाहून राहिली होती."

मी विचारलं, "आणि दिसलं होतं किती?"

मामांनी हात काढून घेतला, दुपट्टा झटकला, घडी घालून खांद्यावर ठेवला. "सौदा झाला," म्हणाले. "च्या ठिवतो."

एसटीत बसल्यावर मी हिशेब मांडून पाहिला आणि सोडून दिला. त्यांना जे दिसलं होतं ते कधीच सरून गेलं असेल, किंवा अजून बाकी असेल. सरलं असेल तर मी कितीतरी वर्षं त्यांनी पदरचं घातलेलं जगत होतो. तसं असेल तर ज्यानं माझ्या तोंडात अंगठा घालून मला चारचौघांत बैल केलं, त्याला मी पंपासाठी दुप्पट पैसे लावले होते. घरी बायकोनं दारातच विचारलं, "काय मने मामा?" मी म्हणालो, "खर्रा सोडा मने." ती रडली आणि मग खर्र्याची पुडी माझ्या खिशातून काढून तिनं चुलीत घातली.

अमरावतीला बाईंनी सांगितला तो भाव मी मुकाट्यानं मान्य केला. त्यांनाच संशय आला, पुन्हा एकदा साखर तपासली. वरच्या हाडात भर घातली, स्क्रू बसले, आणि मी थांबलो. मधल्या त्या महिन्यांत, पोळ्याच्या चार दिवस आधी, मामा गेले. बाजेवर बसल्या बसल्या, हातात ज्वारीची वाटी. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मीही होतो. बाकी सगळं मिळालं, दात एकही मिळाला नाही. शोधणाऱ्यांनी दोनदा चाळलं. गोठा साफ करायला गेलो तर पोत्याखाली तो पंप तसाच होता, तेल घातलेला, पुसलेला. तो मी विकला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या मुलीची सुपारी होती, हिवरखेडलाच, त्याच ओसरीवर. माझे नवे दात बसून वर्ष झालं आहे. मी मोठा जावई म्हणून मेव्हण्यानं माझ्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला. मुलगा समोर बसला होता, शाळेत शिक्षक, हसरा. लोक अजून सवयीनं ओठ मिटून होते, तो एकटा मोकळं हसत होता. मेव्हणा माझ्याशेजारी सरकला, थोडं हसून, थोडं घाबरून त्यानं माझ्या दुपट्ट्याखाली हात सारला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, मामा नाईत आता. तुमीच पाहा." मी त्या मुलाकडं पाहिलं. दाराआड बांगड्या वाजल्या. वरच्या दोन नव्या दातांवरून माझी जीभ फिरली, ते गार लागले. काय दिसलं, दिसलं का, ते मी लिहिणार नाही. मी मेव्हण्याचा पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला, आणि धरतच राहिलो, "भाऊजी, बस झालं, हात दुखून राहिला," असं तो म्हणेपर्यंत.